दीनबंधु अँड्र्यूज आणि गिरमिटाचा कागद

सुताराच्या पेटींतील गिरमिट मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचें आहे. लांकडांत फिरवून भोंक पाडणाऱ्या त्या हत्याराचा प्रस्तुत विषयाशीं मात्र कांहीं संबंध नाहीं. येथें ज्या गिरमिटाचा विचार करावयाचा आहे तें कागदाचें होतें. ‘अॅग्रीमेंट’ ह्या इंग्रजी शब्दाचा उच्चार उत्तर हिंदुस्थानांतील खेडुतांच्या तोंडीं ‘गिरमिट’ असा झाला, आणि ज्यांनीं त्या करारावर आंगठा उठविला ते ‘गिरमिटिये’ ठरले. इ. स. १८३४ पासून १९२० पर्यंतच्या काळांत बारा लाखांहून अधिक हिंदी स्त्रीपुरुष अशा करारांच्या आधारें मॉरिशस, ब्रिटिश गियाना, त्रिनिदाद, नाताळ, फिजी इत्यादि वसाहतींत नेले गेले. तो कागद बेकायदेशीर नव्हता. त्यामागें सरकारचा कायदा होता, मॅजिस्ट्रेटची सही होती आणि जाणाराची संमतीहि रीतसर नोंदलेली होती. मग त्यांत अन्याय कोठें होता? ह्या एका प्रश्नाचा पाठपुरावा करण्यांत ज्या इंग्रज गृहस्थांनीं आपल्या आयुष्याचीं पंचवीस वर्षें वेंचलीं त्यांचें नांव चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज.

गिरमिटाच्या पद्धतीचा उगम एका चांगल्या कायद्यांत आहे, ही गोष्ट प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. इ. स. १८३३ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटनें गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला व तो १ ऑगस्ट १८३४ पासून अंमलांत आला. गुलाम मोकळे झाले. पण उंसाचे मळे होते तेथेंच राहिले. मळेवाल्यांना स्वस्त, रोज हजर राहणारा आणि सोडून जाऊं न शकणारा मजूर पाहिजे होता. दुष्काळानें, कर्जानें किंवा घरच्या भांडणानें गांव सोडलेला माणूस हिंदुस्थानांत विपुल होता. ह्या दोघांची गांठ गिरमिटानें घालून दिली. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘अॅटलास’ नांवाचें जहाज हिंदी मजुरांची एक लहानशी तुकडी घेऊन मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरांत लागलें, आणि ह्या नव्या व्यवहारास प्रारंभ झाला. पुढें कलकत्ता व मद्रास ह्यांच्याप्रमाणें मुंबई बंदरांतूनहि माणसें मॉरिशसला गेलीं. त्यांत रत्नागिरीकडील कोंकणी माणूस होता, आणि त्याचे वंशज आजहि त्या बेटांत मराठी म्हणून ओळखले जातात. फिजीची पाळी बरीच उशीरा आली. १४ मे १८७९ रोजीं ‘लिओनिडास’ जहाज सुमारें पांचशें माणसें घेऊन तेथें पोंचलें. त्यानंतर १९१६ पर्यंत सुमारें साठ हजार हिंदी लोक पॅसिफिक महासागरांतील त्या दूरच्या बेटांत गेले.

अँड्र्यूज ह्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७१ रोजीं इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजांत शिक्षण संपल्यावर त्यांनीं लंडनच्या दक्षिणेकडील वॉलवर्थ ह्या गरीब वस्तींत कांहीं काळ काम केलें, आणि १९०४ च्या मार्चमध्यें ते दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजांत अध्यापक म्हणून आले. दोन वर्षांनीं कॉलेजच्या प्रिन्सिपॉलची जागा रिकामी झाली. गोऱ्या माणसाची निवड व्हावयाची हा त्या काळचा शिरस्ता होता. परंतु अनुभवानें वडील असे सुशीलकुमार रुद्र हेच त्या जागेस योग्य आहेत असा आग्रह अँड्र्यूज ह्यांनीं धरला, व रुद्र हे त्या कॉलेजचे पहिले हिंदी प्रिन्सिपॉल झाले. ही गोष्ट लहान दिसते, पण तिच्यांत पुढील सर्व आयुष्याचें बीज आहे. स्वतःकडे जन्मानें आलेला अधिकार ज्याचा खरा हक्क त्याच्या हातीं द्यावयाचा आणि आपण बाजूस व्हावयाचें, हें त्यांच्या कार्याचें सूत्र तेव्हांपासूनच दिसूं लागतें. १९१२ मध्यें लंडनला त्यांची रवींद्रनाथ ठाकुरांशीं भेट झाली, आणि पुढें शांतिनिकेतन हेंच त्यांचें घर झालें. घर म्हणावयाचें तें परतण्याच्या जागेपुरतें. कारण उरलेलें आयुष्य बहुतेक प्रवासांतच गेलें.

त्यांना ह्या कामाकडे वळविणारा पुरुष महाराष्ट्रांतील होता. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनीं २५ फेब्रुवारी १९१० रोजीं वरिष्ठ कायदेमंडळांत ठराव मांडून नाताळला होणारी मजुरांची रवानगी बंद करण्याची मागणी केली, व ती मान्य होऊन १ जुलै १९११ पासून ती रवानगी थांबली. ४ मार्च १९१२ रोजीं त्यांनीं सर्वच वसाहतींतील गिरमिट बंद व्हावें असा ठराव आणला. हिंदी सभासदांचा पाठिंबा असूनहि सरकारी मताधिक्यानें तो फेटाळला गेला. त्याच वर्षीं गोखले दक्षिण आफ्रिकेंत जाऊन आले. तेथें गिरमिट संपवून स्वतंत्रपणें राहूं पाहणाऱ्या मजुरावर १८९५ च्या कायद्यानें दरसाल तीन पौंडांचा कर बसविला होता. म्हणजे त्यानें एक तर पुन्हा बांधून घ्यावें किंवा देश सोडावा, असा त्याचा रोख होता. १९१३ मध्यें ह्या कराविरुद्ध खाणींतील आणि मळ्यांतील हजारों मजुरांनीं संप केला व गांधीजी तुरुंगांत गेले. त्या वेळीं गोखल्यांनीं अँड्र्यूज ह्यांना आफ्रिकेस जाण्याची गळ घातली. अँड्र्यूज ह्यांनीं आपली शिल्लक फंडांत देऊन टाकली आणि मित्र विल्यम पिअरसन ह्यांच्यासह २ जानेवारी १९१४ रोजीं ते दरबान बंदरांत उतरले. धक्क्यावरच त्यांनीं गांधीजींच्या पायांना हात लावला, तेव्हां तेथील गोऱ्या समाजांत मोठा गहजब झाला.

गांधीजी आणि जनरल स्मट्स ह्यांच्यामध्यें चाललेल्या वाटाघाटींत अँड्र्यूज मध्यस्थ होते. त्याच महिन्यांत इंग्लंडांत त्यांची आई वारली. पण बोलणीं अर्धवट टाकून ते गेले नाहींत. १९१४ च्या कायद्यानें तीन पौंडांचा कर रद्द झाला. परंतु नाताळमधून त्यांनीं जें बरोबर आणलें तें ह्या यशाहून निराळें होतें. पाठीवर माराचे वळ असलेला एक मजूर मळ्यांतून पळून गांधीजींकडे आश्रयास आला होता. त्याला धीर द्यावा म्हणून अँड्र्यूज पुढें झाले, तों गोरा चेहरा पाहून तो भीतीनें अंग चोरून मागें सरला. आपल्या जातीच्या माणसाचें दर्शन दुसऱ्याच्या मनांत काय उत्पन्न करतें, हें त्या एका हालचालीनें त्यांना दाखविलें.

१९१५ च्या फेब्रुवारींत गोखले वारले. नाताळची रवानगी थांबली होती. फिजीची चालूच होती. तेथील हकीकत थोडीथोडी बाहेर येऊं लागली होती. जे. डब्ल्यू. बर्टन ह्या मिशनऱ्याचें फिजीवरील पुस्तक १९१० मध्यें प्रसिद्ध झालें होतें. १९१३ च्या एप्रिलमध्यें कुंती नांवाच्या एका मजूर स्त्रीनें गोऱ्या देखरेखदाराच्या तावडींतून सुटण्यासाठीं नदींत उडी घेतली; तिची कहाणी हिंदुस्थानांतील वृत्तपत्रांत येतांच देशभर क्षोभ झाला. फिजींत एकवीस वर्षें काढून परतलेले तोताराम सनाढ्य ह्यांनीं आपला अनुभव बनारसीदास चतुर्वेदी ह्यांच्याकरवीं हिंदी भाषेंत लिहवून घेतला. उलटपक्षीं, सरकारनें पाठविलेल्या मॅकनील व चिमणलाल ह्यांच्या कमिशनचा अहवाल १९१४ मध्यें निघाला होता. त्यांनीं दोष नोंदले, आत्महत्यांचे आंकडेहि दिले. पण एकंदरींत हानीपेक्षां लाभ अधिक, म्हणून पद्धति सुधारून चालू ठेवावी, असा निष्कर्ष काढला. माहिती नव्हती असें नव्हे. ती कोणत्या बाजूनें वाचावयाची हाच प्रश्न होता.

अँड्र्यूज आणि पिअरसन १९१५ च्या सप्टेंबरांत निघाले व नोव्हेंबरांत फिजीला पोंचले. त्यांच्यामागें कोणतेंहि सरकारी कमिशन नव्हतें. मजुरांच्या चाळींतून ते हिंडले. मळ्यांचे व्यवस्थापक, वसाहतीचे अधिकारी आणि सिडनी येथील साखर कंपनीचे चालक ह्यांनाहि भेटले. १९१६ च्या प्रारंभीं त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. ह्या अहवालाचें सामर्थ्य वर्णनांत नाहीं. करारपत्र हातीं घेऊन तें कलमवार वाचण्यांत आहे.

त्या कागदांत काय होतें? मुदत पांच वर्षें. काम शेतीचें किंवा शेतमालाच्या कारखान्यांतील. सोमवारपासून पांच दिवस रोज नऊ तास आणि शनिवारीं पांच तास, रविवारीं सुट्टी. पुरुषास दिवसाला निदान एक शिलिंग म्हणजे बारा आणे, स्त्रीस नऊ पेन्स म्हणजे नऊ आणे. नेमून दिलेलें काम असेल तर तें धडधाकट पुरुषास सहा तासांत व स्त्रीस साडेचार तासांत उरकेल एवढेंच असावें. राहण्यास फुकट जागा, आजारांत फुकट औषध. पांच वर्षांनीं स्वखर्चानें आणि दहा वर्षांनीं सरकारी खर्चानें परतण्याची मोकळीक. ज्या खेडुतास गांवांत वर्षांतून कांहीं महिनेच दोनचार आणे रोज मिळत असे, त्याला बारा आण्यांचा आंकडा म्हणजे सोन्याचा धूर वाटला तर नवल नाहीं.

आतां त्या कागदांत काय नव्हतें तें पाहिलें पाहिजे. नेमलेलें काम पुरें झालें नाहीं, एक दिवस गैरहजेरी झाली किंवा परवानगीवांचून मळा सोडला, तर तो दिवाणी करारभंग न ठरतां फौजदारी गुन्हा ठरे. दंड होई, तुरुंग होई, आणि बुडालेले दिवस पांच वर्षांच्या मुदतींत वाढवून भरून घेतले जात. ही गोष्ट करारपत्रांत नमूद नव्हती. बारा आणे पूर्ण काम केल्याशिवाय मिळत नसत. आणि पूर्ण काम किती हें ठरविणारा मळ्याचा देखरेखदार होता. फिजींतील धान्याचे भाव हिंदुस्थानच्या किती तरी वर होते, त्यामुळें तेथल्या बारा आण्यांची किंमत येथल्या बारा आण्यांएवढी नव्हती. तेंहि कागदांत नव्हतें. फुकट जागा म्हणजे लांबच लांब चाळींतील सुमारें दहा फूट लांब व सात फूट रुंद अशी एक खोली. तींत तीन पुरुष अथवा एक जोडपें मुलांबाळांसह राही, तेथेंच चूल आणि तेथेंच अंथरूण. कोणाच्या मळ्यावर जावयाचें हें मजूर ठरवूं शकत नसे. आणि फिजी म्हणजे कोठें, हें तर बहुतेकांना ठाऊकच नव्हतें. कलकत्त्याच्या पुढें थोडें गेलें कीं फिजी, अशी भरती करणाऱ्या अरकाट्यांची बतावणी असे. त्या अरकाट्यांना माणशी दलाली मिळे. मॅजिस्ट्रेटसमोर नोंद होई ती कांहीं क्षणांत; शिकविल्याप्रमाणें मान हलविली कीं संमति पुरी झाली.

मजूर कागदावर स्वतंत्र आणि मळ्यावर बांधलेला होता. संमति ही ज्या गोष्टी सांगितल्या त्यांनाच लागू पडते. ज्या सांगितल्या नाहींत त्यांना ती दिली असें म्हणतांच येत नाहीं. अँड्र्यूज ह्यांनीं गिरमिटावर ठेवलेला मुख्य आरोप हाच. एखादा देखरेखदार क्रूर आहे म्हणून त्याला बदलावा, खोली लहान आहे म्हणून दोन फूट वाढवावी, अशा सुधारणांनीं हा दोष नाहींसा होण्यासारखा नव्हता. काम सोडण्याचें स्वातंत्र्य हाच मजुरीचा पाया. तोच काढून घेतल्यावर वरची इमारत किती रंगविली तरी ती तुरुंगाचीच राहते. म्हणून त्यांनीं दुरुस्ती मागितली नाहीं, पद्धतीचा अंत मागितला.

अहवालाचा दुसरा भाग अधिक दुःखद आहे. कायद्यानें शंभर पुरुषांमागें चाळीस स्त्रिया न्यावयाच्या, एवढेंच बंधन होतें. साठ पुरुषांना संसाराची आशा नाहीं, धार्मिक विधीनें झालेलें लग्न नोंदणीवांचून कायद्यास मान्य नाहीं, खोलीला आडोसा नाहीं, आणि वरिष्ठांच्या दुर्वर्तनाविरुद्ध दाद मागण्यास जागा नाहीं, अशा स्थितींत काय होणार? खून होत, मारामाऱ्या होत. आणि आत्महत्यांचें प्रमाण मायदेशांतील प्रमाणाच्या अनेक पटींनीं अधिक होतें. हे आंकडे सरकारी दप्तरांतलेच होते. अँड्र्यूज ह्यांनीं ते मायदेशाच्या आंकड्यांशेजारीं मांडले, आणि एवढ्यानेंच ते बोलूं लागले.

२० मार्च १९१६ रोजीं पंडित मदनमोहन मालवीय ह्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत गिरमिट बंद करण्याचा ठराव मांडला आणि व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग ह्यांनीं तो तत्त्वतः स्वीकारला. चार वर्षांपूर्वीं गोखल्यांचा जो ठराव पडला होता तोच आतां मान्य झाला. परंतु तत्त्वतः मान्य होणें आणि प्रत्यक्ष बंद होणें ह्यांमध्यें अंतर असतें. पर्यायी व्यवस्था होईपर्यंत भरती आणखी पांच वर्षें चालूं राहणार, असें पुढें उघडकीस आलें, आणि तें उघडकीस आणण्यांत अँड्र्यूज ह्यांचा मोठा वाटा होता. १९१७ च्या प्रारंभीं देशभर सभा झाल्या. मुंबईच्या जायजी पेटिट ह्यांच्या खटपटीनें स्त्रियांचें शिष्टमंडळ व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड ह्यांस भेटलें. हिंदी स्त्रिया अशा राजकीय मागणीसाठीं एकत्र येऊन सरकारदारीं गेल्याच्या पहिल्या उदाहरणांपैकीं हें एक होय. ३१ मे १९१७ पर्यंत भरती थांबलीच पाहिजे, अशी मुदत गांधीजींनीं घातली. ती संपण्यापूर्वींच, १२ मार्च रोजीं, युद्धकालीन अधिकारांचा उपयोग करून सरकारनें भरती बंद केली.

येथें दुसरा एखादा लेखक थांबला असता. अँड्र्यूज मात्र त्याच वर्षीं पुन्हा फिजीला गेले, कारण नवी भरती थांबली तरी तेथें बांधलेलीं माणसें बांधलेलींच होतीं. ह्या खेपेस ते कित्येक महिने राहिले, शाळांचा व मजुरीच्या दरांचा प्रश्न त्यांनीं हातीं घेतला, आणि १९१८ मध्यें दुसरा अहवाल प्रसिद्ध केला. अखेर १ जानेवारी १९२० रोजीं फिजींतील उरलेलीं सर्व गिरमिटें रद्द झालीं. तेथील हिंदी लोकांनीं त्यांना ‘दीनबंधु’ हें नांव दिलें, आणि पुढें सारा देश त्यांना त्याच नांवानें ओळखूं लागला.

देशाबाहेर जाणारा मजूर तोच काय तो परका, असें त्यांनीं कधीं मानलें नाहीं. १९२१ च्या मे महिन्यांत आसामच्या चरगोला खोऱ्यांतील हजारों मजूर चहाचे मळे सोडून आपापल्या गांवीं जाण्यास निघाले. पूर्व बंगालमधील चांदपूर येथें ते अडकून पडले. २० मे रोजीं रात्रीं स्टेशनांत आश्रय घेतलेल्या त्या थकल्या माणसांवर गुरखा शिपाई घालून त्यांना हुसकून लावण्यांत आलें, आणि मागोमाग पटकी आली. अँड्र्यूज तेथें गेले, रोग्यांच्या शुश्रूषेंत राहिले, आणि गरिबांवरील जुलमाविषयीं त्यांनीं त्याच वर्षीं एक लहान पुस्तक लिहिलें. चहाचा मजूर समुद्र ओलांडून गेला नव्हता. पण स्वतःच्या पायांनीं घरीं परतण्याचा हक्क त्यालाहि नाकारला गेला होता.

त्याच सुमारास कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्ज येथें वसाहतींतून परतलेल्या माणसांची दुर्दशा त्यांच्या दृष्टीस पडली. हीं माणसें मोठ्या आशेनें मायदेशीं आलीं होतीं. गांवानें त्यांना ओळखलें नाहीं, जातीनें पंक्तीस घेतलें नाहीं, गांठचा पैसा संपला, आणि ज्या वसाहतीला शिव्या देत ते निघाले होते तिकडेच पुन्हा जाण्यासाठीं ते गोदीजवळ बोटींची वाट पाहत पडून राहिले. परमुलखांत जाचणारा कायदा परक्यांचा होता. येथें घरचें दार लावून घेणारी रूढि आपलीच होती. अँड्र्यूज ह्यांनीं ही गोष्टहि झांकून ठेवली नाहीं.

पूर्व आफ्रिकेंतील प्रश्न निराळा होता. तेथील हिंदी लोकांत व्यापारी व कारागीर पुष्कळ होते, आणि केनियांतील गोरे जमीनदार त्यांना हक्क देण्यास तयार नव्हते. अँड्र्यूज ह्यांनीं हिंदी लोकांची बाजू घेतली. १९२३ मध्यें गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री ह्यांच्या जोडीनें ते लंडनला झगडले. परंतु पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांकडून घेतलेला पूर्व आफ्रिकेचा मुलूख हिंदी वसाहतीसाठीं मिळावा, अशी जी कल्पना निघाली तिला त्यांचा स्पष्ट विरोध होता. आफ्रिकेची भूमि आफ्रिकन माणसाची. ती गोऱ्यानें बळकावणें जसें अन्याय्य, तसेंच हिंदी माणसानें बळकावणेंहि अन्याय्य. स्वतःवरील अन्यायाची दाद मागणारानें दुसऱ्यावरील अन्यायांत भागीदार होऊं नये, ही त्यांची अट होती. बाजू घेतल्यावर त्याच बाजूला असें बजावणारे वकील विरळा.

अशा पुरुषाच्या कार्याचें मोल करतांना त्याच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. १९२७ मध्यें दक्षिण आफ्रिकेशीं जो केपटाउन करार झाला त्यामागें अँड्र्यूज ह्यांचे परिश्रम होते. त्या करारानें हिंदी लोकांना बाजूस काढणारा कायदा तात्पुरता टळला; पण त्यांतच पैसे देऊन लोकांना हिंदुस्थानांत परत पाठविण्याची योजना होती. तीमुळें परतलेल्यांचे हाल झाले, हें भवानीदयाल संन्यासी आणि बनारसीदास चतुर्वेदी ह्यांनीं १९३१ मध्यें दाखवून दिलें. मटियाबुर्ज पाहिलेल्या माणसाच्या हातून ही तडजोड व्हावी, ह्यांत मध्यस्थाच्या भूमिकेचें सर्व दुःख आहे.

दुसरी मर्यादा पुढील पिढीच्या अभ्यासकांनीं दाखविली. गिरमिटिया आजोबाचे नातू असलेले फिजीचे इतिहासकार ब्रिज लाल ह्यांनीं १९८० नंतरच्या आपल्या संशोधनांत जहाजांवरील मजुरांच्या नोंदी एकेक करून तपासल्या. फसविलेलीं माणसें त्यांत होतीं. पण स्वतः विचार करून, काम शोधीत निघालेलीं माणसेंहि होतीं, आणि एकट्या निघालेल्या कितीएक स्त्रियाहि होत्या. अँड्र्यूज ह्यांच्या लिखाणांत नीतीच्या अधःपाताचें वर्णन इतकें ठळक आहे कीं दोष पद्धतीचा असूनहि डाग त्या स्त्रियांच्या नांवावर राहिला, अशी लाल ह्यांच्यासारख्या अभ्यासकांची तक्रार आहे. देशांत चळवळ पेटविण्यास स्त्रीच्या अब्रूचा प्रश्न उपयोगी पडला हें खरें. पण मजुरी, जमीन आणि नागरिकत्व हे प्रश्न त्यामुळें मागें पडले. १९३६ मध्यें अँड्र्यूज तिसऱ्यांदा फिजीला गेले तेव्हां चाळींतला मजूर खंडानें जमीन करणारा शेतकरी झाला होता. पण जमीन त्याची नव्हती. ही गांठ त्यांच्या हयातींत सुटली नाहीं. १९७० मध्यें फिजी स्वतंत्र झालें, आणि १९८७ मधील लष्करी उठावानंतर हिंदी वंशाचे हजारों लोक तें बेट सोडून दुसऱ्या देशांत गेले. ज्यांच्या पणज्यांनीं एकदां गांव सोडला होता त्यांच्यावर पुन्हा तीच पाळी आली.

५ एप्रिल १९४० रोजीं कलकत्त्यास अँड्र्यूज ह्यांचें देहावसान झालें. वसाहती, करार आणि मजूर ह्यांविषयीं त्यांनीं आयुष्यभर अहवाल, पत्रें, लेख आणि पुस्तकें लिहिलीं. तें सर्व लिखाण थोर साहित्य म्हणून टिकेल असें नाहीं. पुष्कळसें तर एखाद्या महिन्याच्या निकडीपुरतें लिहिलेलें आहे. परंतु त्यांतील वाचनाची रीत टिकण्यासारखी आहे. हिंदुस्थानांत १९२२ मध्यें परदेशगमनाचा नवा कायदा झाला आणि अकुशल मजुरांच्या रवानगीवर निर्बंध आले. १९८३ च्या कायद्यानें भरती करणाऱ्या दलालांस नोंदणी सक्तीची केली, आणि नोकरीच्या करारावर सरकारी देखरेख आणली. आखाती देशांत गवंडी, सुतार किंवा मोलकरीण म्हणून जाणाऱ्या माणसाच्या हातांत आजहि एक छापील कागद असतो. पगाराचा आंकडा त्यावर ठळक असतो. पारपत्र कोणाच्या कपाटांत राहील, मालक बदलतां येईल कीं नाहीं, आणि परत येण्याचें भाडें कोण देईल, हें कित्येकदां बारीक अक्षरांत असतें किंवा मुळींच नसतें.

करार वाचतांना लिहिलेल्या ओळींबरोबर न लिहिलेल्या ओळीहि वाचाव्यात, आणि ज्याला वाचतां येत नाहीं त्याच्या वतीनें त्या मोठ्यानें वाचून दाखवाव्यात, एवढेंच काम दीनबंधु अँड्र्यूज ह्यांनीं केलें. तेवढ्यासाठीं त्यांना पृथ्वीच्या पाठीवर हजारों मैल हिंडावें लागलें. कारण कागद दिल्लीस वाचतां येत होता, पण त्यांत जें लिहिलें नव्हतें तें फिजीच्या चाळींत गेल्याशिवाय कळत नव्हतें.